मडगार्डवरचं नाव

बाकड्यापासून बसथांब्यापर्यंत सगळ्यावर स्वतःचं नाव रंगवून घेणारे सभापती हिंदुराव गॅरेजात शिरले, तसा यास्मिनने हातातला पाना खाली ठेवला. आपल्या गोठ्यामागे गंजत पडलेली मोटारसायकल त्यांनीच तिला "भंगार आहे, ने" म्हणून दिली होती. वर्षभर खपून तिने त्या गाडीची काटछाट करून एका सीटची देखणी बॉबर केली, आणि आता ते ती परत मागायला आले होते.

"गाडी माझी आहे. मागच्या मडगार्डवर माझं नाव होतं, गावानं बघितलंय."

"म्हणजे आबा, ज्यावर तुमचं नाव, तेवढं तुमचं?"

"तेवढं माझंच. विचार कुणालाही."

यास्मिनने कोपऱ्यातून कापलेलं मडगार्ड आणून त्यांच्या हातात ठेवलं. नाव अजून ठळक होतं.

"घेऊन जा. बॉबर करताना गाडीवरचं फुकटचं ओझं तेवढं कापतात."