टेकडीपलीकडची जुडी

फार वर्षांपूर्वी प्राण्यांनी मिळून एक मळा केला होता. गाढव रोज मळ्याशेजारच्या सशापासून भाजी वाटायला लागे. टेकडीपलीकडच्या कासवआजीकडे पोचेपर्यंत मेथी माना टाकी.

"मला अशीच आवडते रे," आजी म्हणायची.

एकदा विसरलेली गोणी न्यायला गाढव परतलं, तर आजी ती मेथी पाण्यात भिजवून एकेक पान सरळ करत होती.

दुसऱ्या सकाळी ते सशाला म्हणालं, "मळा तुझ्या दारात आहे. तुझी जुडी तूच खुडशील?"

"खुडतो की!" ससा ओशाळून म्हणाला.

गाढव थेट टेकडी चढलं. पानांवर अजून दव होतं.

"आजी, तुम्हाला कोमेजलेली आवडते ना?"

"कोमेजलेली नाही रे," आजी जुडी हुंगत म्हणाली, "तू आणलेली."