आधी माझ्यावर

“यातली सगळ्यात लांब मारणारी कुठली, मामा?”

हणमंत खिलारेनं हे विचारलं तेव्हा मी दुकानातच होते. मिक्सरचं बटण घेऊन गेले होते. शांतवनमामा फक्त खेळणी विकतात आणि खेळणीच दुरुस्त करतात, हे मला ठाऊक आहे. पण माझं घर समोरच. आणि बटण काय, केव्हाही तुटतं.

मामा एका बाहुलीचा डोळा बसवत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

हणमंतपुढं काउंटरवर तीन खोकी होती. तिन्हींत मऊ फोमच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुका. हल्ली या जोडाजोडीच्या येतात. मूळ बंदूक एवढीशी. मग तिला पुढं लांब नळी लावा, मागं खांद्याचा दस्ता लावा, वर दुर्बीण, खाली गोळ्यांचं मॅगझिन. ज्याला जशी हवी तशी करून घ्यायची.

हणमंत मोबाईलवर सगळं बघून आला होता. कुठली किती फूट मारते, कुठलीत किती गोळ्या मावतात, कुठलीचा चाप हलका. कागदावर रकाने पाडून लिहून आणलं होतं.

“मामा, लांब मारणारी…”

“कुणासाठी?”

“आर्वीसाठी.”

मामांनी बाहुली खाली ठेवली.

आता हे लोक कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

हणमंत पोलिसांच्या ट्रेनिंगमध्ये गोळीबार शिकवतो. अठरा वर्षं झाली. नवीन भरती झालेली पोरं त्याला उस्ताद म्हणतात, आणि त्यालाही ते कानाला गोड लागतं. आमच्या बोळात राहायला येऊन त्याला चारच महिने झालेत. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. आर्वी तेव्हा साडेचार वर्षांची. तेव्हापासून ती तिच्या आजीकडं, आईच्या आईकडं, तासगावला.

आजीचे गुडघे आता गेलेत. शाळा सुरू व्हायच्या आत ठरवायचं होतं, पोरीनं बापाकडं राहायचं का मावशीकडं हुबळीला जायचं. आजीनं साफ सांगितलं होतं, पोरगी म्हणेल तसं. मे महिन्यातले दोन रविवार उरले होते.

दर शनिवारी आर्वी यायची. पाठीवर निळं दप्तर, त्यात कपडे. आली की खुर्चीच्या कडेवर बसायची आणि दप्तर काही काढायची नाही. जेवतानासुद्धा नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वाटीभर खीर द्यायला गेले होते.

आणि मामा. मामा दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत एकतीस वर्षं होते. लहान पोर हात मोडून आलं की आधी स्वतःच्या बोटाला ओली पट्टी गुंडाळून दाखवायचे, बघ, मला काही झालं का? मग त्या पोराचा हात धरायचे. हणमंत नऊ वर्षांचा असताना चिंचेवरून पडला, तेव्हा त्याचाही हात त्यांनीच बांधला होता.

तीच सवय दुकानात आली. भोवरा असला तर आधी मामांच्या तळहातावर फिरणार. पिपाणी असली तर आधी मामांच्या कानाशी वाजणार. स्वतःवर घेतल्याशिवाय मामांनी एकही खेळणं दुकानाबाहेर जाऊ दिलेलं नाही.

“आर्वी किती वर्षांची झाली?” मामांनी विचारलं.

“साडेसात.”

“तिला काय आवडतं?”

हणमंतनं कागदाकडं बघितलं. कागदावर ते नव्हतं.

मग म्हणाला, तिच्या वर्गातल्या पोरांकडं अशा बंदुका आहेत असं आजी म्हणत होती. आणि बंदुकीतलं मला कळतं, मामा. दुसरं काही देता आलं नाही तरी हे मी तिला चांगलं देऊ शकतो.

मामांनी मधलं खोकं त्याच्याकडं सरकवलं.

“जोड.”

कसं जोडायचं त्याचा खोक्यातला कागद हणमंतनं उघडलासुद्धा नाही. चार मिनिटांत नळी, दस्ता, दुर्बीण, मॅगझिन, सगळं खटाखट बसवलं. बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, एक डोळा मिटला. दस्ता एक खाच मागं घेतला. परत खांद्याला लावून बघितली. हात कसे चालत होते म्हणता, बघत राहावं.

“छान,” मामा म्हणाले. “आता मार.”

“कशावर?”

“आधी माझ्यावर.”

हणमंतनं बंदूक खाली केली. नळी जमिनीकडं.

“माणसावर रोखायची नाही, मामा. खेळण्यातली असली तरी नाही. पोरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो.”

“बरोबर शिकवतोस,” मामा म्हणाले.

त्यांनी चाप स्वतःच्या हातानं ओढून एक गोळी आपल्याच तळव्यावर मारून घेतली. तळवा बघितला. खोकं बांधून दिलं.

मला वाटलं, झालं.

शनिवारी दुपारी मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. हणमंतच्या गच्चीवर पुठ्ठ्याचा गोल टांगलेला. मध्ये लाल ठिपका, मोजून काढलेला. खाली पोतं अंथरून आर्वीला पालथं झोपवलेलं. पाठीवर दप्तर तसंच. बंदूक तिच्या हातापेक्षा लांब, दस्ता खांद्याच्या पलीकडं गेलेला. गोळी चढवायचा मागचा दांडा इतक्या लांबून तिला ओढवेना, म्हणून दर गोळीला हणमंतच वाकून ओढून देत होता.

तो सांगत होता, डोळा मिट, श्वास धर, घाई नको. समजावूनच सांगत होता. आवाज चढला नाही एकदाही.

प्रत्येक वेळी ती म्हणायची, “हो उस्ताद.”

कुणाकडून ऐकलं असेल पोरीनं? त्याच्याकडं येणाऱ्या पोरांकडूनच. दुसरं काही नाव तिच्या तोंडात येत नव्हतं.

पाच गोळ्यांतल्या तीन पुठ्ठ्याला लागल्या. हणमंत शाबास म्हणाला. पोरगी उठली, गुडघे झटकले आणि विचारलं, “आता जाऊ?”

मी कुरडयांकडं बघत राहिले. तिकडं बघवेना.

रविवारी मामा चर्चमधून आले, ते पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातच दुकान उघडून बसले. रविवारी एरवी उघडत नाहीत. मी बटण घेऊन गेलेच. तेवढ्यात हणमंत आला. एका हातात बंदूक, मागं दोन पावलांवर आर्वी, पाठीवर दप्तर.

“मामा, बंदूक चुकली. बदलून द्या.”

“बिघडली?”

“नाही. पण… तिला जमत नाही.”

“कुणाला? बंदुकीला?”

हणमंतनं घड्याळ बघितलं. संध्याकाळच्या गाडीनं पोरीला तासगावला पोचवायचं होतं. त्यानंतर एकच रविवार.

मामांनी बंदूक घेतली. दुर्बीण काढली. काउंटरवर ठेवली. दस्ता काढला. ठेवला. लांब नळी काढली. मॅगझिन काढलं.

हातात राहिली ती टीचभर. मामांनी ती आर्वीपुढं धरली.

“दांडा ओढता येतो का बघ.”

तिनं ओढला. खट्ट झालं. तिनं मामांकडं बघितलं, मग परत ओढला.

मामांनी एक गोळी दिली. एकच. आणि काउंटरच्या बाहेर येऊन स्टुलावर बसले.

“आधी माझ्यावर.”

आर्वीनं नळी जमिनीकडं केली. अगदी बापासारखी.

“माणसावर रोखायची नाही.”

“खरं आहे,” मामा म्हणाले. “विचारल्याशिवाय रोखायची नाही. आणि तोंडावर कधीच नाही. विचार मला.”

तिनं बराच वेळ घेतला.

“मारू?”

“मार.”

गोळी मामांच्या खिशावर लागली. टप्प.

मामांनी खिशावर हात ठेवला. वर बघितलं. मग चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस, चर्चचा पांढरा शर्ट घालून, स्टुलावरून हळूहळू कलंडला. आधी एक गुडघा टेकला. मग कोपर. मग खांदा. मग डोकं फरशीवर, आणि एक पाय उगाच थोडा हलून थांबला.



माझ्या हातातलं बटण पडलं. खरंच सांगते, मला वाटलं, गेले.

आर्वी वाकली. मामांनी एक डोळा उघडला.

“गोळी शोध,” ते हळूच म्हणाले. “मेलेल्या माणसाला उठता येत नाही.”

पोरीच्या नाकातून कसला तरी आवाज आला. शिंक दाबावी तसा. मग लक्षात आलं, हसतेय.

गोळी कपाटाखाली गेली होती. ती पालथी झाली, हात घातला, आत सरकायला गेली. दप्तर अडकलं. मागं आली, परत गेली. परत अडकलं.

मग तिनं दोन्ही पट्टे खांद्यावरून काढले, दप्तर बाजूला टाकलं आणि आत घुसली.

हणमंत त्या दप्तराकडं बघत उभा राहिला. मी हणमंतकडं.

ती बाहेर आली ती केसांत जळमट घेऊन. गोळी भरली. दांडा ओढला, कुणाची मदत न घेता. आणि बापापुढं जाऊन उभी राहिली.

“मारू?”

अठरा वर्षांत त्याच्यावर कुणी रोखली नसेल. तो ताठ झाला. हात मांड्यांना चिकटवले.

“…मार.”

गोळी छातीवर लागली. बरोबर मध्ये.

“नेम चांगला आहे,” हणमंत म्हणाला.

आर्वीचा चेहरा… काय सांगू. दिवा कुणी फुंकावा तसा. नळी पुन्हा जमिनीकडं गेली. तिनं दप्तराकडं बघितलं.

फरशीवरून मामांचा आवाज आला.

“हणमंत.”

“हां मामा.”

“लागली का?”

“लागली.”

“मग उभा का?”

हणमंतनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? मी पदर तोंडाला लावला.

त्याला पडता येत नव्हतं हो. एवढा मोठा उस्ताद, पण पडायचं कसं ते माहीत नाही. गुडघा वाकवायचा का आधी हात टेकायचा, कळेना. शेवटी डोळे मिटले आणि तसाच पडला, फळी पडावी तसा, हात मांड्यांना चिकटवलेले. फरशी दणकली. कपाटावरची आगगाडी खाली आली.

आर्वी हसायला लागली. नाकातून नाही, तोंडभर. हसता हसता खाली बसली, उठली, परत बसली.

हणमंत उठला नाही. डोळे मिटून पडून राहिला.

ती जवळ गेली. बोटानं त्याचा खांदा ढोसला. मग गाल. त्यानं श्वास धरून ठेवला होता. ते तरी त्याला छान येतं.

“उठा ना.”

तो हलला नाही.

“बाबा, उठा ना. परत मारायचंय.”

मी मिक्सरचं बटण शोधायला खाली वाकले. सापडायला बराच वेळ लागला.

त्या दुपारी हणमंत किती वेळा पडला, ते मी मोजलं नाही. एकदा मलाही पडावं लागलं. माझं वय, माझी कंबर, पण पोरगी विचारायला आली तर नाही कसं म्हणायचं? मामा फरशीवरच बसून होते. इस्त्रीचा शर्ट पार मळला होता.

संध्याकाळी दोघं निघाले. ती पुढं, हातात टीचभर बंदूक. दस्ता, दुर्बीण, नळी, सगळं मामांनी पिशवीत घालून हणमंतकडं दिलं. गाडीची वेळ झाली होती.

बोळाच्या टोकावरून हणमंत एकटाच धावत परत आला.

दप्तर राहिलं होतं.

कपाटाशी जिथं टाकलं होतं तिथंच पडलेलं. त्यानं ते उचललं. खांद्याला लावावं की हातात धरावं ते त्याला सुचेना. मग लहान पोर घेतात तसं दोन्ही हातांत घेतलं. कोपराला खरचटलं होतं, गालावर फरशीची माती होती, आणि ती पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

“मामा, ती म्हणाली…” तो थांबला. “पुढच्या शनिवारी कितीच्या गाडीनं येऊ, म्हणून विचारत होती. तिनं विचारलं. मी नाही.”

मामा बाहुलीचा डोळा बसवत होते.

“मामा, बाकी सगळं आहे या पिशवीत. नळी, दुर्बीण… कधी लावायचं? आता पुढं तिला काय शिकवू?”

मामांनी डोळा दाबून बसवला. बाहुली आडवी केली, उभी केली. डोळा मिटला, उघडला.

“पुढच्या वेळी,” ते म्हणाले, “जरा सावकाश पड.”