मौजनगरीत अनवाणी

“...आता तुम्हीच सांगा बुवा. वाढवू, की आहे तेच नीट करत बसू?”

सयाजी ढमढेरे गाडीत बसल्यापासून हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता. उत्तर त्याचं कधीच ठरलं होतं. फक्त ते बुवांच्या तोंडून यायला हवं होतं.

घाटाच्या पायथ्याशी सयाजीची मौजनगरी होती. पाळणे, घसरगुंड्या, लाटांचा तलाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आता कुंपणापलीकडची टेकडी घेऊन त्याला दुसरी मौजनगरी उभारायची होती.

आडवी आली ती धाकटी बहीण, कुंदा. दोघांनी मिळून हे सगळं उभं केलेलं. ती म्हणाली, आधी आहे ते सुधार. शब्दाने शब्द वाढला आणि कुंदा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून निघून गेली. तेव्हापासून तिने त्याचा फोनही घेतला नव्हता. सयाजीला ते फार लागलं होतं. पण कबूल कोण करणार?

कुंदाही भिकाबुवांचीच शिष्या. बुवांनी टेकडीला हो म्हटलं की ती मुकाट्याने परत येईल, असा सयाजीचा होरा. म्हणून भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, त्याने बुवांना मठातून उचलून गाडीत घातलं होतं.

दोघे वरच्या मजल्यावर, थंडगार कचेरीत, काचेपाशी उभे होते.

“कुंदाचं म्हणणं काय होतं?” बुवांनी विचारलं.

“तिचं काय, बुवा! इथं सावली नाही, तिथली फरशी बदल. रोजचं रडगाणं. मोठं काही दिसतच नाही तिला.”

“तुला दिसतं?”

“म्हणजे काय! हे बघा की.”

खाली माणसं तलावाकडून घसरगुंडीकडे चालली होती. चालली कसली, उड्या मारत होती. पोरं, बाया, टक्कल पडलेले बापये, सगळे टुणटुण.

“माझ्याकडं कुणी चालत नाही, बुवा. नाचतात! जाहिरातीतसुद्धा तेच घातलंय. आता एवढा आनंद एका कुंपणात मावायचा कसा?”

बुवांनी काचेला नाक लावून खाली बघितलं.

“मला येईल का रे असं नाचायला?”

सयाजी हरखलाच. बुवांचा हात धरून तो त्यांना जिन्याने खाली घेऊन आला.

तलावाच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. आत अनवाणीच जायचं, हा नियम सयाजीनेच केलेला. बुवांनी वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं आणि पाऊल टाकलं.

आणि सत्तरी ओलांडलेले भिकाबुवा टुणकन उडाले. लगेच दुसऱ्या पायावर. पुन्हा पहिल्या. झोकांड्या खात, कसेबसे ते पलीकडच्या एकुलत्या एका छत्रीखाली पोचले.

सयाजीने टाळ्या वाजवल्या.

“बघा! तुम्हालासुद्धा राहवलं नाही!”

बुवांनी उपरण्याने घाम पुसला.

“आता तू ये.”

“मी येतोच की.” सयाजी तसाच निघाला.

“बूट काढून.”

“मला कोण अडवतंय, बुवा?”

“...मी.”

मालक हे दार आजवर बुटांनिशीच ओलांडत आला होता. आज त्याने हसत हसत बूट काढले, मोजे काढले आणि आत पाय टाकला.

“आई गं!”

पाय तव्यावर पडला जणू. त्याने तो उचलला, तर दुसरा भाजला. छत्री लांब होती, पाणी जवळ होतं. कडक इस्त्रीची विजार सांभाळायचंही भान न राहता मौजनगरीचा मालक उड्या मारत तलावात शिरला.

तिथे एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. ती हसली.

“पहिल्यांदाच आलात वाटतं, दादा? टाचांवर पळायचं असतं इथं. आम्ही दर सुट्टीत येतो. पण आता नाही यायचो. ह्याच्या पायाला बघा, फोड आलाय.”

पोराने भिजलेलं पाऊल पुढे केलं. सयाजीने वाकून तो फोड पाहिला.

त्याने वर पाहिलं. कचेरीची काच उन्हात चकाकत होती. कुंदा रोज ह्याच फरशीवरून फिरायची, लोकांचं ऐकून घ्यायची, आणि तो वरून तिला सांगायचा, जरा मोठं बघ. सयाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ताच्या आत्ता तिला फोन लावावा, असंही वाटून गेलं.

पण सयाजी तो सयाजीच. गार पाण्यात तळवे निवले, तसा जीवही निवला. प्रश्न पुन्हा ओठांवर आला.

“बुवा!” त्याने पाण्यातूनच हाक मारली. “चूक झाली माझी. फरशी बदलतो, उद्याच्या उद्या बदलतो. पण टेकडीचं काय? घेऊ की नको?”

बुवा छत्रीखाली, एका पायावर भार देऊन उभे होते. मधल्या फरशीवरून उन्हाच्या झळा उठत होत्या.

“सांगतो की,” ते म्हणाले. “इथवर ये... पण उड्या मारू नकोस. चालत ये.”