केरबा टायपिस्ट ओळख करून देतो

गारवड गावात, तहसील कचेरीच्या भिंतीला लागून एक भोळा टायपिस्ट बसायचा. नाव केरबा पोवार. वय एकोणचाळीस. समोरच्यानं सांगितलेलं एक अक्षरही तो कधी गाळायचा नाही. त्याची ख्याती तीच आणि अडचणही तीच.

एकदा एक म्हातारा त्याला अर्ज सांगत होता. "लिहा. माननीय तहसीलदार साहेब, माझ्या विहिरीची नोंद... थांबा, जरा तंबाखू मळतो." केरबानं तसंच टाइप केलं. तहसीलदारांनी अर्ज वाचला आणि ते दोन मिनिटं थांबले.

पुढं टाइपरायटरच्या फिती मिळेनाशा झाल्या. केरबानं कोल्हापुरातून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि एक नवा प्रिंटर. कॉम्प्युटरमध्ये लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली आणि सगळ्यांना फुकट दिलेली. केरबा बोटं चालवायचा, अक्षरं पडद्यावर यायची, कागदावर मात्र काही उतरायचं नाही. ज्याच्या हातून कागद निघत नाही त्या टायपिस्टसमोर कोण उभं राहणार? आठ दिवसांत त्याच्यापुढची रांग पलीकडच्या झेरॉक्सवाल्यापुढं गेली.

त्याला कुणी तरी सांगितलं, हायस्कूलमध्ये दर रविवारी सकाळी लिनक्सवाल्यांचं मंडळ भरतं. शाळेचे कॉम्प्युटरचे जमादार सर ते चालवतात. तिथं एकमेकांना मदत करतात. केरबा धुतलेला सदरा घालून गेला.

जमादार सर म्हणाले, "या, या. मंडळात नवा माणूस आला की आधी उभं राहून ओळख करून देतो."

केरबा उभा राहिला. "मी केरबा," म्हणाला आणि बसला.

"एवढ्यानं काय कळणार?" सर म्हणाले. "नीट ऐका. ओळख देताना सगळं सांगायचं. किती जुनं आहे, कुठं कुठं बिघाड आहे, कधीपासून आहे, आधी काय काय करून बघितलं. काही लपवायचं नाही. लपवलं तर लोक मदत कशी करणार?"

"बरं," केरबा म्हणाला. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवली. मग घरी गेला. प्रिंटरचं विचारायचं राहूनच गेलं, कारण विचारा असं कुणी म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला जायचं होतं. केरबाचा संसार म्हणजे तो आणि त्याची थोरली बहीण. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. आक्कानं तळेवाडीच्या आप्पा चौगल्यांची मुलगी बघून ठेवली होती. नाव अनुसया, अंगणवाडीत शिकवायची. याआधीची चार स्थळं हुकली होती. हे पाचवं हुकू नये म्हणून आक्कानं सोमवारचा उपास धरला होता.

चहा झाला. आप्पा म्हणाले, "पाव्हणं, तुमची ओळख सांगा की."

केरबा उभा राहिला. कागद काढला.

"एकोणचाळीस वर्षं जुना हाय. डावा गुडघा पावसाळ्यात अडकतोय. झोपेत आवाज येतोय, ल्हानपणापासनं. सांगितलेलं ध्यानात ऱ्हात न्हाई, लिहून ठेवावं लागतंय. आधी चार ठिकाणी लग्नाचं करून बघितलं, चारीकडनं न्हाई म्हणाले. बिघाड नेमका कुठं हाय ते कळलेलं न्हाई. कुणाला कळलं तर सांगावं."

मग आतल्या खोलीत कुणी तरी हसलं. आक्कानं केरबाचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

परतीच्या वडापच्या जीपमध्ये आक्का म्हणाली, "आरं, ओळख सांगताना कुणी आपलं दोष सांगतंय व्हय? ओळख म्हंजे घराणं! बाप कोण, आजा कोण, मामा कुठला, शेत किती. आल्याबरोबर समद्यांच्या पाया पडायचं. आनि पुढं ठेवतील त्ये तोंडात टाकून 'ग्वाड झालंय' म्हणायचं. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला.

रविवार आला. केरबा मंडळात गेला. खोलीत चौदा माणसं होती. केरबा चौदा जणांच्या पाया पडला. त्यात एक कॉलेजातली मुलगी होती, ती पाय वर घेऊन खुर्चीवर चढली. कुणी तरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला टेबलाखाली शिरलेला होता. केरबा वाकून टेबलाखाली गेला आणि त्याच्याही पाया पडला.

मग उभा राहून म्हणाला, "मी केरबा, दत्तू पोवाराचा. आजा रामू पोवार, त्येनं पैलवानकी केली. मामा मुरगूडचा, आमच्याशी बोलत न्हाई. शेत सोळा गुंठे, त्यात विहिरीचं पानी येतंय आठवड्यातनं दोनदा."

"आणि प्रिंटर?" सरांनी विचारलं.

"प्रिंटर आमच्या घराण्यात ह्योच पहिला."

सरांनी एक पेनड्राइव्ह त्याच्यापुढं ठेवला. बोटाएवढा. त्यात नवं लिनक्स भरलेलं होतं. "हे घ्या," सर म्हणाले.

केरबानं घेतला आणि तोंडात टाकला. थोडा चघळला. "ग्वाड झालंय," म्हणाला.

तो बाहेर काढायला तिघं लागले. पेनड्राइव्ह खिडकीत वाळत घातला. सर समजूतदार होते. ते म्हणाले, "केरबा, इथं घराणं नको. लिनक्सवाल्यांना एकच ऐकायला आवडतं. आधीचं का सोडलं आणि इकडं का आलात? ते सांगायचं. म्हणायचं, आधीचं सारखं अडकायचं. इकडं फुकट मिळतं. आणि मनासारखं बदलून घेता येतं. बस्स."

"बस्स," केरबानं लिहून घेतलं.

इकडं तळेवाडीत वेगळंच झालं होतं. अनुसयानं आप्पांना सांगितलं होतं, "आपलं दोष न इचारता सांगणारा माणूस मी पैल्यांदाच बघितला. त्यास्नी परत बोलवा."

आप्पांनी बोलावलं. आक्कानं वाटेत दोन देवळांत नारळ ठेवले. चहा झाला. आप्पांनी सहज विचारलं, "मग केरबा, आमच्याकडंच का यावंसं वाटलं?"

केरबाचा चेहरा उजळला. हे त्याला येत होतं.

"आधी दुसरीकडं बघत हुतो. तिथं सारखं अडकायचं. मग कळलं, हिकडं फुकट मिळतंय. आनि मनासारखं बदलून घ्याया येतंय."

आप्पांची कपबशी हवेतच राहिली. आक्का जमिनीकडं बघायला लागली.

आतून अनुसयाचा आवाज आला. "आप्पा, इचारा त्यास्नी, माणूस बदलायला किती वर्सं लागत्यात त्ये म्हाईत हाय का म्हणावं!"

"त्ये सरांनी सांगितलं न्हाई," केरबा म्हणाला. "इचारून येतो." आणि खरंच उठून निघाला.

अनुसया आता मोकळेपणानं हसत होती. ते ऐकून आप्पांचाही राग निघून गेला. येत्या सोमवारी सुपारी फोडायची ठरली.

आक्कानं या खेपेला वडापमध्ये बसायचीही वाट बघितली नाही. अंगणातच म्हणाली, "केरबा, आता आठ दिवस तू तोंडातनं एकच शबूद काढायचा. कुणी कायबी इचारू दे, 'होय' म्हणायचं. दुसरं काय न्हाई. काय म्हणायचं?"

"होय," केरबा म्हणाला.

मधे रविवार होताच. सरांनी केरबाला शाळेच्या एका कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हणाले, "नवं लिनक्स कसं भरायचं ते हळूहळू बघा, प्रश्न वाचत जा, मी आलोच." आणि ते फळ्याकडं गेले.

कॉम्प्युटरनं विचारलं, सुरुवात करायची का? केरबानं होय म्हटलं.

कॉम्प्युटरनं विचारलं, यातलं जुनं सगळं पुसून टाकायचं का? होय.

एकदा पुसलं की परत मिळणार नाही. नक्की पुसायचं का?

"होय म्हटलं की," केरबा जरा चिडूनच म्हणाला आणि बटण दाबलं.

सर परत आले. पडद्याकडं बघून जागीच थांबले. "केरबा, तुम्ही सगळं पुसलंत?"

"होय."

"यात दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर होते!"

"होय."

"ते पण गेले?"

"होय."

सर खाली बसले. बातमी बाहेर गेली तशी शाळेच्या मैदानात पोरांनी केरबाच्या नावाचा जयजयकार केला. पण पोरांचं सुख टिकलं नाही. पेपरांची दुसरी प्रत सरांच्या मेहुण्याकडं निपाणीला होती.

पाणी पिऊन झाल्यावर सर म्हणाले, "केरबा, ऐका. कुठल्याही प्रश्नाला होय म्हणायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या. एक, याची दुसरी प्रत आहे का? दोन, ती दुसऱ्या गावात आहे का? दोन्ही असेल तरच होय. नाही तर माणूस आयुष्यातनं उठतो."

सरांचा आवाज कापत होता. त्यामुळं केरबानं हे लिहून घेतलं नाही, पाठच केलं.

सोमवारी तळेवाडीत चौगल्यांच्या पडवीत सगळी भावकी जमली. मध्ये पाट, पाटावर सुपारी. अनुसया हिरवं लुगडं नेसून बसली होती. भावकीतले सगळ्यांत थोरले तात्या म्हणाले, "केरबा, एकदा चारचौघांत सांग. पोरगी पसंत हाय न्हवं?"

आक्कानं डोळ्यानंच खुणावलं.

"हिची दुसरी प्रत हाय का?" केरबानं विचारलं.

"म्हंजे?" तात्या म्हणाले.

"हुबेहूब हिच्यासारखीच आनखी एक. पण ती हितं नको. दुसऱ्या गावात पायजे."

भावकीतले दोघं उठून उभे राहिले. एकानं बाह्या सावरल्या. आक्कानं पदर तोंडावर ओढून घेतला. आप्पा मात्र सरळ माणूस. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

"हाय की," आप्पा म्हणाले. "हिची जुळी भन. चिकोडीला दिलीया. पोरंबाळं हायत तिला."

"मग होय," केरबा म्हणाला.

"आनि तुमची?" अनुसयानं मान वर करून विचारलं. "तुमची दुसरी प्रत कुठं हाय का?"

"न्हाई. मी एकटाच हाय."

"बरं झालं," पदराआडून आक्का म्हणाली.

आधी तात्या हसले, मग भावकी बसली, मग सुपारी फुटली.

लग्न ठरलं म्हणून जमादार सर स्वतः केरबाच्या टेबलाकडं आले. पेढा खाल्ला आणि म्हणाले, बघू तरी तो प्रिंटर. प्रिंटर खोक्यात होता. खोकं दोरीनं बांधलेलं होतं. दुकानदारानं सांगितलं होतं, "जपून ठेवा." केरबानं जपून ठेवला होता. सरांनी दोरी सोडली, वायर जोडली, कागद सर्रकन बाहेर आला. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढची रांग परत आली.

या माणसाला मंडळात काय काम द्यावं, यावर सरांनी बराच विचार केला. कॉम्प्युटरपासून तो लांब असलेला बरा. शिवाय रविवारी कुणीही येऊन फुकट पंख्याखाली झोपायला लागलं होतं. सरांनी त्याला एक वही दिली. "केरबा, तुम्ही दारात उभं राहायचं. आत येणारा प्रत्येक नवा माणूस आधी ओळख देणार. नाव, गाव, कशासाठी आला. वहीत लिहायचं, मगच आत सोडायचं. कुणी का असेना! ओळख घेतल्याशिवाय एकही माणूस आत जाता कामा नये."

केरबानं हे काम इतकं चोख केलं, की पहिल्याच रविवारी हेडमास्तर अर्धा तास बाहेर उभे होते.

मग लग्न आलं. ते चार वाजून दहा मिनिटांनी लागलं. मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा होता. मधे काय झालं ते असं.

सकाळी केरबाला हळद लागली, आंघोळ झाली, डोक्याला फेटा आणि मुंडावळ्या आल्या. मंगल कार्यालयापाशी टेम्पोतून उतरला तर काय, दारातून माणसंच माणसं आत चालली होती. बहुतेक त्यानं कधी बघितलीही नव्हती. कुणीच कुणाला काही विचारत नव्हतं. केरबाला बघवेना. त्यानं खिशातून वही काढली आणि दारात उभा राहिला.

"नाव? गाव? कशासाठी आला?"

लोकांना वाटलं, आहेराची यादी असेल. त्यांनी सांगितलं. रांग लागली. भटजींनी ओळख दिली. आचाऱ्यानं हातातला झारा खाली न ठेवता दिली. बँडवाल्यांनी अकरा जणांनी अकरा वेळा दिली, तोवर बँड बंद राहिला. जमादार सर आले, त्यांनी केरबाला बघितलं, वहीला बघितलं. कपाळाला हात लावून त्यांनी मुकाट्यानं ओळख दिली आणि आत गेले.

बारा वाजायला आले तेव्हा तळेवाडीचा टेम्पो आला. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली बाई बायकांच्या गराड्यातून दारापाशी आली. केरबा वहीत बघत होता.

"नाव?"

"अनुसया आप्पा चौगले."

"गाव?"

"तळेवाडी."

"कशासाठी आला?"

"लग्नासाठी."

"कुणाच्या?"

"तुमच्या," अनुसया म्हणाली.

केरबानं सगळं लिहून घेतलं. वर न बघता म्हणाला, "जावा आत लवकर. येळ झालाय. नवरदेव खोळंबला आसंल."

आत अंतरपाट धरला गेला. एका बाजूला अनुसया उभी राहिली. दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हतं. भटजी म्हणाले, मुलाला आणा. मुलाला शोधायला आठ माणसं गेली. कुणी माडीवर बघितलं, कुणी विहिरीत वाकून बघितलं. मुहूर्त टळला. आक्का रडकुंडीला येऊन बाहेर धावली, तर दारात केरबा. वही काखेत, फेटा सरळ.

"आरं मेल्या, आत चल! तुझं लगीन हाय!"

"येतो की आक्का," केरबा म्हणाला. "पण सरांनी सांगितलंय, ओळख घेतल्याबिगर एकबी माणूस आत जाया नको. माझी कुणी घेतली न्हाई."

"मी घेतो, चल!" आप्पा म्हणाले.

"वही माझ्याकडं हाय. दुसऱ्याच्या हातात द्यायची असं सांगितलेलं न्हाई."

सरांना बोलवायला माणूस धावला. सर पंक्ती वाढण्यात अडकले होते. त्यांना शोधून आणेपर्यंत साडेतीन झाले. सर म्हणाले, "केरबा, वही द्या." तेव्हा केरबानं वही दिली. अनुसया अंतरपाट सोडून केव्हाची बाहेर येऊन पायरीवर बसली होती. तिनं सरांच्या हातून वही घेतली, पेन्सिल घेतली, उभी राहिली. सगळं वऱ्हाड दारापाशी गोळा झालं.

"नाव?" अनुसयानं विचारलं.

"केरबा दत्तू पोवार."

"गाव?"

"गारवड."

"कशासाठी आला?"

केरबानं वऱ्हाडाकडं बघितलं, आतल्या मांडवाकडं बघितलं, आक्काकडं बघितलं.

"तसं काय काम न्हवतं," तो म्हणाला. "दारात ओळख घ्याया कुणीच दिसंना, म्हणून थांबलो."