मिशीवाला गणपती

“पाठशाळेच्या भिंतीवरच्या प्रत्येक देवाला माझाच चेहरा हवा!” शेंदूरगडच्या चंडेश्वर राजाने फर्मान सोडलं. “मुलं ती चित्रं बघूनच धर्म शिकतात ना? मग मला बघून शिकू देत! आठ दिवसांत भिंत पुरी झाली नाही, तर चितारी, तुझे कुंचले जाळून तुला राज्याबाहेर हाकलीन!”

परसू चितारी घरी येऊन मटकन बसला. “भागे, गणपतीला राजाचा चेहरा! मग सोंड कुठे लावू?”

“मिशांच्या खाली,” त्याची लेक भागीरथी म्हणाली. “आबा, तुम्ही फक्त रंग घोटा.”

आठव्या दिवशी राजा आला. भिंतीवर बासरी वाजवणारा राजा, गळ्यात नाग घातलेला राजा, उंदरावर बसलेला राजा! मिशांखालून ही लांब सोंड! राजा फुलून गेला. मग जवळ जाऊन म्हणाला, “अगं, पण मला डोळेच नाहीत!”

“डोळे शेवटी काढायचे, महाराज,” भागीरथी म्हणाली. “डोळे उघडले की चित्र उरत नाही, देव होतो. मग चेहरा ज्याचा, सेवाही त्याचीच! मुलांनी सगळी तयारी केलीय.”

एक मुलगी पंचामृताची घागर घेऊन पुढे आली. “हे रोज पहाटे डोक्यावर ओतायचं!”

“डोक्यावर? मुंग्या लागतील!”

“कृष्णाला उखळीला बांधायचं! त्याने लोणी चोरलं!” दुसरीने दोर दाखवला.

“मी कधी चोरलं?” राजा म्हणाला. राजामागे उभा असलेला मुदपाकखान्याचा आचारी उगाच खोकला.

“शंकराने विष प्यायचं!” तिसरीने कडुलिंबाच्या रसाचा वाडगा पुढे केला.

“आणि गणपतीला दहाव्या दिवशी वाजतगाजत तळ्यात सोडायचं!” सगळी पोरं ओरडली.

“मला पोहता येत नाही!” राजा किंचाळला.

“आधी तीनदा बुचकळायचं असतं, महाराज,” गुरुजींनी अदबीने आठवण करून दिली.

भागीरथीने कुंचला काजळात बुडवला. “काढू डोळे?”

“थांब! पूस माझे सगळे चेहरे!” राजाने घाम टिपला. मग हळूच म्हणाला, “पण मी या भिंतीवर कुठेच नको का गं?”

“तुम्ही हवेच की! इथे खाली, हात जोडलेल्या भक्तांच्या रांगेत. त्यांना कुणी बुडवत नाही.”

राजाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमेना. तो पोट धरधरून हसला. बोटातली अंगठी त्याने भागीरथीला दिली, पाठशाळेच्या भिंती चितारी घराण्याला कायमच्या नेमून दिल्या आणि स्वतः हात जोडून उभा राहिला.

“काढ आता! डोळ्यांसकट!”