दुसऱ्याच्या हाताचा दाब

“...मग पुढं काळीच राहू दे, का लाल घालू, आक्का?”

आवडाक्का लिंबाखाली शेंगा फोडत बसली होती. तिनं ऐकलं.

दयानंदनं आपला रिमोटचा ट्रक तिच्या पुढ्यात आणखी जरा सरकवला. मांजराएवढी गाडी, पण रुबाब उसाच्या ट्रकचा. चार जाड चाकं, चार शॉकअप, आणि प्रत्येक शॉकअपवर चढवलेली रंगीत स्प्रिंग. काळी म्हणजे कडक, लाल मधली, पिवळी मऊ. त्या मैदानावरच्या कुत्र्यालाही एवढं कळत होतं.

“आक्का, तुम्हाला विचारतोय.”

“ऐकतेय की.”

“मग सांगा.”

आक्कानं एक शेंग दातानं फोडली. दाणे तोंडात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

जुन्या वीटभट्टीच्या मैदानावर आवडाक्कानं या गाड्यांचा ट्रॅक काढला होता. मातीचे उंचवटे, वळणं, कडेला अर्धे कापलेले पाईप. एके काळी ती स्वतः रिमोट घेऊन उभी राहायची आणि भले भले बाप्ये धूळ खायचे. आता तिचे हात कापायचे. रिमोट सोडला, शिकवणं धरलं. लांबून लांबून लोक यायचे. हिच्याकडं काहीतरी जादूची स्प्रिंग असणार, असं मनात धरून यायचे. आक्का त्यांना आधी ट्रॅकवर पाणी मारायला लावायची.

“काल माती दाबून घेतली होती. काचेसारखी होती,” दयानंद म्हणाला. “म्हणून काळी घातली. आज ऊन लागलंय, पण...”

“पण काय?”

“तुम्ही सांगाल ते.”

“दाब बघून घेतलास?”

दयानंदनं गाडीवरची धूळ पुसली.

त्या मैदानाची एक रीत होती. आपल्या गाडीचा दाब आपण बघायचा नाही. शर्यतीला उतरायच्या आधी गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी पुढ्यात ठेवायची. त्यानं वर तळवा ठेवायचा, दाबायचं, सोडायचं, गाडी कशी वर येते ते बघायचं आणि असेल ते खरं सांगायचं. मग तो मित्र असो नाही तर तुझ्यावर दात खाणारा असो. नवीन पोरं विचारायची, आम्हाला काय हात नाहीत? आक्का म्हणायची, “हात हायत. पण आपला हात आपल्या गाडीला वाईट म्हणत न्हाई.”

“तुम्हीच बघा की, आक्का,” दयानंद म्हणाला.

“माझा हात कापतोय. मला सगळ्याच गाड्या मऊ लागतात.” तिनं हनुवटीनं पलीकडं दाखवलं. “भरमू हाय की.”

दयानंदनं तिकडं बघितलं.

भरमू वळणावरचा पाईप सरळ करत होता. कुणी न सांगता. त्याचं असंच.

“तो कामात हाय,” दयानंद म्हणाला.

“हाक मार. येईल.”

“दुसरं कुणीतरी...”

आक्कानं पहिल्यांदा वर बघितलं. नुसतं बघितलं. मग पुन्हा शेंगा.

दयानंद गाडी उचलून चालू लागला.

गेल्या रविवारी याच ट्रॅकवर निवडीची शर्यत झाली होती. आज सांगलीकर येणार, त्यांच्यासमोर आक्काच्या मैदानाकडून एकच जण उतरणार, तो कोण, ते त्या दिवशी ठरायचं होतं. सगळ्यांना माहीत होतं की भरमू उतरणार. त्याची गाडी वळणावर पाण्यासारखी वाहायची. दयानंद जोरात चालवायचा, भरमू नीट चालवायचा. दोघांतला फरक दयानंदला कळत होता, म्हणूनच झोप येत नव्हती.

शर्यतीच्या आधी भरमू गाडी घेऊन त्याच्याकडंच आला होता. “दया, दाब बघ रं जरा.”

दयानंदनं तळवा ठेवला. दाबलं. पुढची बाजू दगड. ट्रॅकला चाकोऱ्या पडलेल्या, आणि याच्या पुढच्या स्प्रिंगा अशा की उंचवट्यावरनं खाली आल्यावर नाक आपटून गाडी उताणी पडणार. हाताला लख्ख कळलं.

“झकास,” दयानंद म्हणाला.

एकच शब्द. त्याला पुढं-मागं काही जोडलंसुद्धा नाही त्यानं.

भरमू हसला आणि गेला. पहिल्याच मोठ्या उंचवट्यावर त्याची गाडी उताणी पडली. निवड दयानंदची झाली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. भरमूनंही घेतलं. दयानंदला आठवतंय, उजव्या मांडीखाली भरमूचाच खांदा होता.

आणि आता त्याच भरमूच्या पुढ्यात गाडी ठेवायची होती.

“भरमू...”

“बोल की रं.”

“दाब बघतोस का?”

भरमूनं हात विजारीला पुसले. उकिडवा बसला. गाडीवर तळवा ठेवला. डोळे मिटले, तो नेहमी मिटायचा. दाबलं. सोडलं. परत दाबलं, या वेळी नुसती पुढची बाजू.

दयानंद त्याच्या तोंडाकडं बघत होता. तिथं काहीतरी दिसेल म्हणून. राग, नाही तर हसू, काहीतरी.

“पुढनं लई कडक झालीय, दया,” भरमू म्हणाला. “माती वाळलीय. उंचवट्याच्या खाली चाकोऱ्या बघ कशा पडल्यात. पिवळी घाल. मागची हाय ती बरोबर हाय.”

“पिवळी? लाल नको?”

“न्हाई. पिवळीच. नाक बसू दे, मग गाडी पळती.”

“बरं.”

“घालू का मी? तू रिमोट बघ तवर.”

“नको,” दयानंद एकदम म्हणाला. “घालतो मी.”

भरमू पाईपाकडं परत गेला.

दयानंद शेडच्या मागं गेला. पिवळ्या स्प्रिंगा हातात घेतल्या. मऊ होत्या. बोटानं दाबल्यावर नुसत्या मिटत होत्या. सांगलीकरांसमोर या घालायच्या? गाडी जमिनीला पोट घासत जाईल, मैदानभर हसं होईल. आणि भरमूला तेच तर हवं असेल.

का नको असेल? आपण त्याच्या जागी असतो तर...

तिथंच त्याचं मन थांबलं. पुढं जायला तयारच होईना.

त्यानं आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. मग त्यानं मैदानावर कुणीच करत नव्हतं ते केलं. आपल्याच गाडीवर आपला तळवा ठेवला आणि दाबलं.

हात म्हणाला, बरोबर आहे. अगदी बरोबर आहे.

पिवळ्या स्प्रिंगा त्यानं डब्यात परत टाकल्या. काळ्या होत्या तशाच ठेवल्या. वर आणखी शॉकअपची कडी आवळली. कडी आवळल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, गाडी नुसती उंच होते, हे नव्या माणसांना तो स्वतः शिकवायचा. दरडावून शिकवायचा. पण आज त्याला गाडी उंच दिसलेली बरी वाटली. भीती वाटली की माणसाला उंच दिसावंसं वाटतं, त्याचं असं झालं होतं.

शर्यत उन्हं चढल्यावर सुरू झाली.

सांगलीचा शौकत बारीक अंगाचा, तोंडात सुपारी. त्याच्या गाडीकडं दयानंदनं तिरक्या नजरेनं बघितलं. ती इतकी खाली बसलेली, जशी दमून बसलेली म्हैस. दयानंदला हायसं वाटलं.

शिट्टी झाली.

पहिलं वळण दयानंदनं घेतलं. लोक ओरडले. मग मोठा उंचवटा आला. गाडी वर गेली, झोकात गेली, आणि खाली येताना चाकोरीत नाक टेकलं. नाक बसलंच नाही. उसळलं. गाडी उताणी, चारी चाकं आभाळाला.

“आरं, ट्रक हाय का बेडूक?” सांगलीकरांतनं कुणीतरी ओरडलं.

उलटलेली गाडी सरळ करायला वळणावर एक माणूस उभा असतो. आज भरमू उभा होता. तो धावला. गाडी उचलली, चाकांवर ठेवली, हात झटकून बाजूला झाला.

“जा, दया, जा!” तो ओरडला.

दयानंदनं गाडी सोडली. पुढच्या फेरीला त्याच उंचवट्यावर, त्याच चाकोरीत, परत उताणी. भरमू परत धावला. परत सरळ केली.

“जा, जा! पोचशील!”

दयानंदला वाटलं, यानं आता धावू नये. उभं राहावं, हसावं, आई-माईवरनं शिवी घालावी. पण पळू नये. त्याच्या पायात चप्पल नव्हती, माती तापली होती, आणि तो पळत होता.

त्यानंतरच्या फेरीत गाडी इतकी आपटली की पुढचा आसच मोडला. चाक सुटून पाईपावर जाऊन आदळलं. शौकतची म्हैस शांतपणे पुढं निघून गेली.

आक्काच्या ट्रॅकवर बाहेरच्या माणसानं बाजी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रीत म्हणून. आक्कानंही वाजवल्या.

भरमू गाडी घेऊन आला. दोन्ही हातांवर, जपून. सुटलेलं चाकही आणलं होतं. त्यानं गाडी दयानंदच्या पुढ्यात ठेवली आणि पुढच्या स्प्रिंगांकडं बघितलं. काळ्या. जरा वेळ तो बघतच राहिला.

दयानंदनं गाडी आपल्याकडं ओढली. आता कळलं याला. आता सगळंच कळेल.

“आरं, बदलायच्या राहिल्या व्हय?” भरमू म्हणाला. “गडबडीत विसरलास न्हवं?”

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. खरंच विचारत होता. माणूस सांगितलेलं विसरू शकतो, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं. सांगितलेल्यावर दुसरा विश्वास ठेवणार नाही, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

दयानंदनं तोंड उघडलं.

“व्हय,” तो म्हणाला.

परत एकच शब्द.

“होतं असं,” भरमू म्हणाला. त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. “गेल्या खेपेला माझंबी काहीतरी चुकलंच की. आस माझ्याकडं पडलाय एक जुना, संध्याकाळी बसवू.” आणि तो पाईप गोळा करायला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला निघून गेला.

दयानंदला वाटलं, जमीन आपल्याला नको म्हणतेय.

सांगलीकर गेले. गर्दी पांगली. आवडाक्का होती तिथंच, लिंबाखाली. टरफलांचा ढीग वाढला होता.

दयानंद तिच्यापुढं जाऊन बसला. मान खाली. मोडकी गाडी मांडीवर.

ती बोलेल म्हणून तो वाट बघत राहिला. बोलली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, मैदानावरनं हाकलून दिलं असतं, तर बरं झालं असतं. हलकं झालं असतं.

“हरलो, आक्का.”

“बघितलं.”

“तुमचं नाव घालवलं.”

“माझं नाव माझ्यापाशी हाय. तू तुझं बोल.”

“स्प्रिंग चुकली.”

आक्कानं एक शेंग उचलली. हलवून बघितली. खुळखुळली नाही तशी टाकून दिली.

“स्प्रिंग न्हाई चुकली...” दयानंद म्हणाला.

“मग?”

तो थांबला. मैदानाच्या पलीकडं भरमू पाकोळीएवढा दिसत होता. वाकत होता, पाईप उचलत होता, खांद्यावर घेत होता.

“भरमूनं खरं सांगितलं होतं. मला वाटलं, खोटं सांगतोय.”

“का वाटलं?”

दयानंदनं मोडक्या गाडीचं एक चाक फिरवलं.

“का वाटलं, दया?”

त्यानं मान आणखी खाली घातली. आवाज इतका बारीक झाला, की त्याचा त्यालाच नीट ऐकू येईना.

“गेल्या रविवारी त्याची गाडी मीच दाबली होती, आक्का. पुढनं दगड होती. मला कळलं होतं. मी झकास म्हणालो.”

आक्काचे हात चालत राहिले.

“मुद्दाम म्हणालो,” दयानंद म्हणाला. डोळ्यांतनं पाणी गाडीवर पडलं, धुळीत त्याचा चिखल झाला. “तो उताणा पडावा म्हणून म्हणालो. आणि आज तो अनवाणी पळत होता माझ्यासाठी. मला तोंड न्हाई, आक्का. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. ट्रॅकवर पाणी मारायला लावा, वर्षभर लावा. रिमोट काढून घ्या. तुम्ही म्हणाल ते.”

आक्कानं पदरातली टरफलं झटकली. कापणारा हात गुडघ्यावर ठेवला. पलीकडच्या टोकाकडं बघितलं, मग याच्याकडं.

“मला काय सांगतोस?” ती म्हणाली. “माझी गाडी उलटली होती व्हय?”