शेजारणीचं चाटण

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात एक दोर वळणारा राहत होता. माणूस कष्टाळू, पण त्याची नजर आपल्या कामापेक्षा शेजारच्या ओसरीवर जास्त रमायची.

शेजारी एक कासारीण राहायची. दारोदार बांगड्या भरून ती पोट भरी. तिला लहानपणापासून दमा होता.

गावची रीत अशी होती, की दसऱ्याला प्रत्येक घराने वैद्यबुवांच्या कणगीत पायलीभर जोंधळा ओतायचा आणि वर्षभर लागेल तेव्हा औषध न्यायचे. मात्र वैद्यबुवा धडधाकट माणसांचाच जोंधळा घेत. आजाऱ्याची पायली दारातूनच परत जाई. नव्या राजाला हे कळले, तेव्हा त्याने दवंडी पिटवली, "आजारी असो की धडधाकट, वैद्याने कोणालाही परत पाठवू नये. माप सर्वांना एकच."

कासारणीला दम्याचे चाटण मिळू लागले. गावाने राजाचा जयजयकार केला. त्यात दोर वळणाऱ्याचा आवाज सर्वांत मोठा होता.

पुढच्या दसऱ्याला वैद्यबुवांनी एका पायलीच्या दोन केल्या. राजाच्या मागावर काम करणाऱ्या विणकरांचे माप वाड्यातूनच भरले जाई. त्यांना वाढ कळलीसुद्धा नाही. जे एकेकटे आपला धंदा करत, त्यांना मात्र ते स्वतःच्या घरातून भरावे लागले. दोर वळणारा आतून पेटला. राजाच्या नावाने बोटे मोडायची त्याची छाती नव्हती. शेजारीण मात्र हाताशी होती.

"बघ, बघ," तो बायकोला म्हणाला. "भरायचं आपण आणि चाटण चाटायचं हिनं!"

"अहो, तीही दोन पायल्या भरते. आणि तिला दमा आहे. तुम्हाला हवाय का तो?"

"दमा नको. पण तिला औषध मिळतं, मग मलाच का नको?"

दुसऱ्या दिवशी तो पोट धरून वैद्यबुवांकडे गेला. नाडीत काही सापडेना, पण राजाज्ञा पडली, परत पाठवणार कसे? त्यांनी काढा दिला. घरी येऊन त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि उरलेला मोरीत ओतला. तरी त्याला फार बरे वाटले. मग कधी त्याची कंबर दुखू लागली, कधी डोके. त्याला पाहून कुंभार कण्हू लागला, कुंभाराला पाहून तेली. अख्खी आळी वैद्याच्या दारात जाऊन बसू लागली.

दसरा आला आणि माप चार पायल्यांवर गेले. कासारणीच्या घरात तेवढा जोंधळाच नव्हता. तिचे चाटण बंद झाले.

"सुंठीवाचून खोकला गेला!" दोर वळणारा मनात म्हणाला. "आता माप खाली येईल."

पण पुढच्या दसऱ्याला ते सहा पायल्या झाले. तो तणतणत वैद्यबुवांकडे गेला. "तिचं चाटण तर बंद झालं! आता कोणासाठी वाढवलंत?"

"तिला वर्षभर एक चाटण पुरायचं रे," वैद्यबुवा म्हणाले. "माझी कणगी रिकामी केली ती तुम्हा धडधाकटांच्या दुखण्यांनी."

सहा पायल्या त्यालाही झेपल्या नाहीत. आणि त्याच हिवाळ्यात अंबाडीचे तंतू पिंजून पिंजून उडालेला भुगा त्याच्या छातीत बसला. आता खोकला खरा होता आणि औषध नव्हते.

तेव्हा कुठे तो शेजारच्या ओसरीवर गेला. "ताई, आपण एकेकटे धंदेवाले मिळून राजाकडे जाऊ. विणकरांचं सगळं माप भरतोस, तर आमचं थोडं तरी भर, असं सांगू."

कासारणीने छातीवर हात ठेवून श्वास गोळा केला. "खरं आहे, दादा. आधी म्हणाला असतात तर तुमच्या पुढं चालले असते. आता मला उंबराही ओलांडवत नाही."

डोंगरावरच्या वाड्याकडे तो एकटाच निघाला. अर्ध्या चढावर खोकल्याने त्याला खाली बसवले. कामावर निघालेले विणकर गप्पा मारत, हसत त्याच्या बाजूने वर गेले. त्यांचा हेवा करण्याइतकाही श्वास त्याच्यात उरला नव्हता.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या पानात किती पडले हे बघत बसणाऱ्याला, वाढणाऱ्याला जाब विचारायचे भान राहत नाही, आणि भान येते तोवर पंगत उठलेली असते.